माय गावात, आबा शहरात

दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात कन्नडच्या शाळेतले गणिताचे सर आमच्या गावी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि आबांना म्हणाले, "पोरीला औरंगाबादला ठेवा. अकरावी-बारावी तिथं होऊ द्या. देशातल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजांची प्रवेश परीक्षा असते, तिचे क्लास तिथं आहेत. हिच्यात दम आहे, इथं वाया जाईल."

सर गेल्यावर चुलते, चुलत्या, शेजारचे, सगळे ओसरीवर जमले. होस्टेलात ठेवा, असं चुलत्यांचं मत पडलं. मायनं दारातूनच नाही म्हणून सांगितलं. "हिच्या हातात पुस्तक असलं की ही जेवत नाय. घरचं कोणतरी जवळ पाहिजे."

आता मायच माझ्याबरोबर शहरात राहणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. चुलती तर म्हणालीसुद्धा, "वैनी, मंग तुमची म्हैस मी बघते."

"मी कुठं चालले?" माय म्हणाली. "मी गेले तर शेत कोण बघंल?"

शेत बघायला घरात गडी माणूस बसलेला होता, आणि तरीही मायचा प्रश्न खरा होता. आबा शेतकरी म्हणून बेताचेच. त्यांची पेरणी कायम गावाच्या मागं राहायची, बैल त्यांना जुमानायचे नाहीत, आणि पावसाची वाट बघता बघता बांधावर पेपर वाचत बसायचे ते. माय मात्र मूठभर माती उचलून सांगायची, आज पाणी नको, परवा देऊ. हे गावाला माहीत होतं, फक्त कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. त्या दिवशी आबाच म्हणाले, अगदी हसत, "ती बरोबर म्हणायली. मीच जातो पोरीबरोबर."

चुलत्यांनी मान खाली घातली. बाई शेतात आणि गडी चुलीपाशी, ही गोष्ट पुढं बरेच दिवस पारावर चघळली गेली.

शहागंजच्या मागच्या गल्लीत आम्हाला एक खोली मिळाली. वर पत्रे, एका बाजूला मोरी, एक खिडकी. आबांना शहागंजातच दोरखंड आणि ताडपत्रीच्या एका दुकानात काम लागलं. सकाळी ते मला डबा करून द्यायचे आणि दुकानात जायचे. मी कॉलेज करून दुपारी सिटी चौक, गुलमंडी करत चालत औरंगपुऱ्यात क्लासला जायची.

डबा करून द्यायचे, हे लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी रॉकेलचा स्टो पेटवला तेव्हा खोलीभर धूर झाला होता. भाकरी परातीतून उचलली की तिचे दोन तुकडे व्हायचे. मग ते दोन्ही तुकडे तव्यावर शेजारी शेजारी टाकायचे आणि म्हणायचे, "पोटात गेल्यावर तुकडेच व्हायचेत." मी थापते म्हटलं तर परात ओढून घ्यायचे. "तू तुझं बघ. मला एवढंच काम दिलंय तुझ्या मायनं."

दुकानाचे मालक म्हातारे मुसलमान होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आबांचं बोट भाजलेलं दिसलं की ते विचारायचे, "क्या मियां, आज फिर तवे से लड़े?" एकदा त्यांच्या घरून आंबट वरणाचं भांडं आलं. चिंचेचं, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. मी भांडं पुसून खाल्लं. आबांनी ते दुसऱ्याच दिवशी चाचांकडून शिकून घेतलं, आणि मग आठवड्यातून तीनदा आमच्याकडं आंबट वरणच असायचं.

क्लास एका कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर भरायचा. बहुतेक मुलं शहरातली, इंग्रजी शाळांमधली. सर फळ्यावर लिहायला लागले की त्यांच्या वह्या धावायच्या आणि मी अजून पहिल्या ओळीचा अर्थ लावत असायची. आमच्या शाळेत बल, वस्तुमान, त्वरण शिकलेली मी. तेच शब्द इथं परके कपडे घालून समोर यायचे. पण एकदा ओळख पटली की मला त्या विषयाचं वेडच लागायचं. फिजिक्सचं गणित सुटलं की अंगात काहीतरी हलकं व्हायचं. ते मी नंतर नोकरीत, संसारात पुष्कळ शोधलं. तसं पुन्हा क्वचितच झालं.

संध्याकाळी आबा दुकानातून आले की पहिला प्रश्न ठरलेला. "आज काय शिकवलं?"

मी टाळायची नाही, कारण ते खरंच ऐकायचे. एकदा फिरणाऱ्या वस्तूंचा धडा सुरू होता. मी विचारलं, "आबा, उतारावरून भरीव गोळा आणि पोकळ कडं एकदम सोडलं, तर आधी खाली कोण येईल?"

"कडं," आबा लगेच म्हणाले. "हलकं असतंय ना."

मी पाट भिंतीला तिरपा लावला. एका हातात काचेची गोटी, दुसऱ्या हातात माझी बांगडी. दोन्ही सोडल्या. गोटी आधी आली. आबांना पटेना. त्यांनी स्वतः सोडून बघितल्या. पाट जास्त तिरपा केला, कमी तिरपा केला, बांगडी बदलली. प्रत्येक वेळी गोटीच पुढं. शेवटी मोरीच्या कठड्यावर आपटून बांगडी फुटली तेव्हा कुठं थांबले. मी त्यांना वजन कुठं साठलेलं आहे त्याचं गणित समजावून सांगितलं. किती कळलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना दोराचं वेटोळं आणि वजनाचं माप घेऊन तोच खेळ करून दाखवला होता.

रविवारी सकाळी आम्ही एसटीडी बूथवर जायचो. गावात किराणा दुकानात एकच फोन होता. आधी फोन करून निरोप द्यायचा, मग मायला बोलावून आणेपर्यंत बूथच्या बाहेर बाकावर थांबायचं, आणि पुन्हा फोन लावायचा. आबा त्या दिवशी धुतलेला सदरा घालायचे. फोनवरून सदरा दिसत नाही, हे मी एकदा गमतीनं म्हटलं होतं. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

आधी मी बोलायची. जेवतीस का, झोपतीस का, केसाला तेल लावतीस का. मग फोन आबांकडं. त्यांचं बोलणं असं चालायचं:

"हां. मी बोलतोय... म्हैस दूध कशी देती?... व्हय... मोटरीचं काय झालं?... बरं... पाऊस?... इकडं नाय... बरं."

मग दोघंही गप्प. फोन कानाला तसाच. बूथवाला समोरच्या वाढत्या बिलाच्या आकड्यांकडं बोट दाखवायचा, पण आबा मान हलवून राहू दे म्हणायचे. पलीकडून काहीच येत नसावं, कारण ते हूं सुद्धा करत नव्हते. मला त्याची चीड यायची. बोलायचं नाही तर फोन धरून कशाला उभं राहायचं? सोळा वर्षांच्या पोरीला ते कळण्यासारखं नव्हतं. आज वाटतं, आयुष्यात कोणी माझ्यासाठी असा गप्प फोन धरून उभं राहिलं असतं तर!

बारावीच्या वर्षी क्लास उन्हाळ्यातच सुरू झाले, म्हणून सुट्टीत गावाकडं जाणं झालं नाही. पोळ्यालाही गेलो नाही. आबांनी पोळ्याच्या दिवशी शहागंजातून मातीची बैलजोडी आणली, खिडकीत ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पुरणपोळी जमणार नाही म्हणून शिरा केला. शिंगांचा रंग त्यांच्या बोटाला लागला होता. "आपल्याकडं ह्या टायमाला बैल वेशीतून निघाले असतील," ते म्हणाले. मग बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. खिडकीतून समोरच्या घराची भिंत तेवढी दिसायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी क्लासची मोठी चाचणी झाली. मार्कांचा कागद जिन्यात चिकटवायचे. मी वरून माझं नाव शोधत आले, आणि ते शेवटच्या काही नावांत सापडलं. मागून उतरणारी मुलं माझ्या खांद्यावरून कागद बघत होती. मी तशीच खाली उतरले, दुकानात गेले आणि आबांना म्हटलं, "मला गावाला जायचं."

"काय झालं?"

"मला होणार नाही हे. मला मायकडं जायचं."

आबांनी मला स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. दोराची गुंडाळी करता करता म्हणाले, "जा. दोन दिवस राहून ये. मी बसवून देतो गाडीत."

स्टँडवर कन्नडची एसटी लागलेली होती. त्यांनी मला खिडकीची जागा धरून दिली, भुईमुगाच्या शेंगांचा पुडा हातात दिला आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. कन्नडला उतरून गावाची जीप कुठून पकडायची, हे मला पाठ असलेलं त्यांनी परत एकदा सांगितलं. "मायला म्हणावं, मी बरा आहे." कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. आबा गाडीबरोबर चार पावलं चालले, मग भराभर चालले, आणि एकदम दाराकडं पळाले. कंडक्टर ओरडला, "अहो काका, पडाल!" तोवर ते आत चढलेसुद्धा होते. धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसले.

"आबा! दुकान?"

"चाचांना उद्या सांगू."

"काही कपडे पण नाही घेतले."

"घरी काय कपडे नायत व्हय?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या पुड्यातल्या शेंगा सोलायला सुरुवात केली. वेरूळचा डोंगर दिसेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेलं नव्हतं. माझं रडू कुठल्या कुठं गेलं. मी त्यांच्याकडंच बघत बसले.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. माय घरी नव्हती. आम्ही तसेच मळ्यात गेलो. ती खोऱ्यानं पाणी वळवत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला फडकं. आम्हाला दोघांना बघून तिनं खोरं टाकलं आणि चिखलातून पळत आली.

"काय झालं? काय झालं?"

"काय नाय," आबा म्हणाले. "पोरीला करमत नव्हतं."

मायनं त्यांच्याकडं नीट बघितलं. त्यांचा दुकानातला मळका सदरा, वाढलेली दाढी, हातात शेंगांच्या टरफलांचा पुडा.

"पोरीला?" ती म्हणाली.

आबा खाली बघायला लागले. आणि खाली बघितल्यावर त्यांना दिसलं, की आपण उभे आहोत त्या रानात कपाशी नाही. गादीवाफ्यांवर गुडघ्याएवढी हिरवीगार अद्रक उभी होती. त्यांच्या वडलांपासून त्या तुकड्यात कपाशीच लागायची. फोनवर एवढे रविवार झाले, मायनं अद्रकीचा शब्द काढला नव्हता.

"हे कधी लावलं?"

"ज्येष्ठात."

"मला बोलली नाय."

"बोलले असते तर तुम्ही नको म्हणला असता."

आबा वाफ्याच्या कडेला बसले. एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलंही, आपल्यावाचून काही अडलेलं नाही हे कळल्यावर माणसाला जे वाटत असेल ते. मग ते म्हणाले, "लई जोरात आलीय." मायनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती का काय, मला कळलं नाही, कारण लगेच वळून ती पाणी बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. सकाळी माय गोठ्यात शेण काढत होती, तिथं तिनं मला बोलावलं. "मार्क कमी पडले म्हणं."

"व्हय."

"मला त्यातलं काय कळत नाय. पास हो नाय तर नापास हो. पण मधीच सोडू नको." तिनं टोपलं खाली ठेवलं. "तू मधीच सोडलं, तर आम्ही दोघं कशापायी येगळे राहिलो, हे मला माझ्याच जिवाला सांगता येणार नाय."

तोपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, की ती दोघं वेगळी राहत होती. मला एवढंच वाटायचं, की मी मायपासून लांब आहे.

मी परत आले आणि अभ्यासाला बसले. हुशारी काही एकदम वाढली नाही. पण न कळलेलं विचारायची लाज गेली. सरांच्या मागं जिन्यापर्यंत जाऊन मी शंका विचारायची. जानेवारीत पहिली चाळणी परीक्षा झाली, त्यात मी निघाले. आमच्या क्लासमधले निघालेले मोजकेच होते. चाचांनी दुकानात पेढे वाटले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत राहिले, "हमारी बच्ची है, गाँव से आयी." मग बोर्डाची परीक्षा, मग राज्याची सीईटी, आणि उन्हाळा तापल्यावर पुण्याला मुख्य परीक्षा. तिथं आबा माझ्याबरोबर आले. केंद्राबाहेर झाडाखाली बसून राहिले. मी बाहेर आले तेव्हा माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी पेपरचं विचारलं नाही. "रस पिऊ," म्हणाले.

खोली सोडायची वेळ आली तेव्हा माय औरंगाबादला आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. सामान बांधायला मदत हवी, असं निमित्त होतं, पण आमचं सामान दोन पोत्यांत मावणारं. ती दारात उभी राहिली आणि आत बघत राहिली. स्टो, परात, पाण्याचा ड्रम, माझी पुस्तकं, खिळ्याला टांगलेला आबांचा सदरा. खिडकीतली मातीची बैलजोडी तिनं उचलून बघितली, परत ठेवली.

"इथं राहिलात व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, खोली मोठी असंल."

मग तिनं सगळं बघायचं म्हटलं. आबांनी तिला दुकान दाखवलं. चाचांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली आणि थंड मागवलं. मी तिला क्लासचा जिना दाखवला. बूथ दाखवला, तेव्हा बूथवाला म्हणाला, "ह्याच का त्या?" आबा लाजले. माय त्या बाकावर थोडा वेळ बसली. आम्ही वाट बघत बसायचो त्याच जागी.

खोलीवर आलो तशी ती सवयीनं स्टोकडं वळली. आबा म्हणाले, "तू बस. मी करतो."

ती भिंतीला टेकून बसली. हात कुठं ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. आधी गुडघ्यावर ठेवले, मग मांडीत. आबांनी पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला. परातीत भाकरी गोल फिरायला लागली, वाढत गेली. त्यांनी ती दोन्ही हातांवर अलगद उचलली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाकरी टम्म फुगली. आबांनी मायकडं बघितलं नाही, पण मान जरा ताठ झाली होती.

त्यांनी तिला ताट वाढलं. भाकरी, आंबट वरण, फोडलेला कांदा. बसल्या जागी मायच्या पुढं ताट येतं, हे मी कधी पाहिलेलं नव्हतं. बाळंतपणानंतर असं कधी झाल्याचं तिलाही आठवत नसेल. तिनं पहिला घास खाल्ला. आबा कालथा हातात धरून उभे.

"कडा जाड झाल्यात," माय म्हणाली.

"होतील कमी."

"आता काय करायचं कमी होऊन? आता घरी चाललोत." एवढं बोलून ती जेवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसण्याचं तिनं काही केलं नाही. थोड्या वेळानं ताट पुढं केलं. "आणखी एक द्या."

मुख्य परीक्षेचा निकाल जूनमध्ये आला. माझा नंबर नव्हता. दोन वर्षं जिच्यासाठी शहरात काढली ती परीक्षा हातून गेली. मी दिवसभर माडीवर पडून राहिले. सीईटीचे मार्क चांगले होते. पुण्याच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला जागा मिळेल, असं गणिताचे सर येऊन सांगून गेले. तसंच झालं, आणि पुढं माझं आयुष्य त्याच वाटेनं गेलं. चांगलं गेलं. त्या मोठ्या कॉलेजांबद्दल आता मनात काही उरलेलं नाही.

उरलेत ते निकाल आणि प्रवेश यांच्यामधले आठवडे. दोन वर्षांनी आम्ही तिघं एका घरात होतो. सकाळी तिघंही मळ्यात जायचो. नव्या अद्रकीला आता आबाही हात लावायचे, मायला विचारून. ती सांगायची, इथं माती लावा, तिथं नको, आणि ते ऐकायचे. मी वाफ्याच्या कडेनं निंदत असायची. दोघं लांबच्या टोकाला काम करता करता बोलत असायची. काय बोलतात ते मला ऐकू यायचं नाही, पण बोलणं थांबायचं नाही. बायका खुरपं घेऊन जाताना थबकून त्यांच्याकडं बघायच्या.

एका दुपारी पोस्टमन प्रवेशाचं पाकीट घेऊन बांधावर आला. आबांनी मला हाक मारली. मी ऐकलं, पण उठले नाही. वाफ्यातलं तण अजून राहिलं होतं. ते संपेपर्यंत तरी मला तिथंच राहायचं होतं.